पेनवाले आणि हातवाले

मामा तुरुंगात गेले तेव्हा मामीने त्यांच्या बॅगेत इस्त्री केलेले शर्ट भरले. तिथे तुरुंगाचेच कपडे घालावे लागतात, हे मी सांगितलं, वकिलांनी सांगितलं, दारावर बॅग तपासणाऱ्या शिपायानेही सांगितलं. मामी म्हणाली, "असू दे हो. कुणी बोलावलं बिलावलं तर एखादा बरा असावा." शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शर्ट परत आले, मामा आत गेले.

मामांची सहल कंपनी होती. माणूस बोलायला असा गोड, की त्यांनी रिकाम्या भिंतीचं वर्णन केलं तरी ऐकणाऱ्याने उठून तिथली खिडकी उघडायला जावं. बरीच वर्षं त्यांनी खऱ्या माणसांना खऱ्या बसमधून खऱ्या ठिकाणी नेलं. मग एका बांधकामवाल्याने समुद्राकाठी हॉटेल बांधतोय म्हणून सांगितलं, कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं दाखवली, आणि मामांनी पाया खणायच्या आधीच खोल्या विकायला काढल्या. पुढे बांधकामवाला पळाला. मामांनी तेव्हा थांबायला हवं होतं. पण लोक विचारत होते, मामा सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ते हॉटेल दिसायला लागलं होतं. लोकांनी रजा घेतल्या, नवे कपडे शिवले, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. पहिली बस पोचली तेव्हा तिथे एक कमान होती. नुसती कमान. कमानीच्या पलीकडे उघडा माळ, आणि समुद्र इतका लांब की वाऱ्याला खारट वाससुद्धा नव्हता.

मामा याला "कागदपत्रांतली गफलत" म्हणायचे. न्यायाधीश फसवणूक म्हणाले. न्यायाधीशांचा शब्द चालला.

पुढचं बरंचसं मला मामांनीच सांगितलं आहे. मामांच्या सांगण्यातलं निम्मं वजा करायची सवय आम्हाला घरात सगळ्यांनाच आहे, तेव्हा मी निम्मंच सांगते. आणि टाकीचा प्रकार तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

त्या तुरुंगात दोन प्रकारचे कैदी होते. सही करून, आकडे फिरवून, शिक्का मारून आत आलेले ते पेनवाले. कुणाला तरी मारून, तोडून, ढकलून आलेले ते हातवाले. दोघांच्या बराकी वेगळ्या. पेनवाल्यांच्या बराकीला पंखे होते, वाचायला टेबल होतं, आणि तिथे म्हणे माणसं एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणायची. पण मामा गेले तेव्हा ती बराक बंद होती, कारण तिचं छप्पर गळत होतं. ज्या कंत्राटदाराने ते छप्पर घातलं होतं तोही पेनवालाच निघाला होता, आणि पहिल्या पावसाळ्यात नेमकं त्याच्याच खाटेवर पाणी पडलं. त्याने तक्रार केली. तुरुंगाच्या अधीक्षकबाई म्हणाल्या, "तुमच्या कामाबद्दल तुमचीच तक्रार? घ्या, सही करा." हे मात्र मी वजा न करता सांगते, कारण खुद्द बाईंनीच ते मामीला सांगितलं.

तर छप्पर दुरुस्त होईपर्यंत सगळ्या पेनवाल्यांना हातवाल्यांच्या बराकीत हलवलं. मामांना खाट मिळाली ती क्रेनभाऊच्या शेजारची.

क्रेनभाऊ दारातून आत यायचा तेव्हा आधी उजेड जायचा, मग तो दिसायचा. बांधकामांवर क्रेन चालवायचा म्हणून हे नाव. हसायचा असा की भांडी वाजावीत. घोरायचाही तसाच, पण घोरतोस असं कुणी म्हटलं की फुगून बसायचा. त्याला गप्पांचा नाद, दुसऱ्याच्या घरातल्या भानगडींचा तर विशेष. पहिल्याच सकाळी त्याने मामांना विचारलं, "टाय घालायचास ना बाहेर?"

मामांनी मान हलवली.

"गळ्यावरून कळतं. ताठ असतो." त्या दिवसापासून मामा 'टाय' झाले. "कशात आलास रे, टाय?"

"कागदपत्रांतली गफलत."

"सगळेच टायवाले गफलतीत येतात," क्रेनभाऊ म्हणाला. "एकजण तरी मुद्दाम करून यावा!" आणि तो इतका हसला की पलीकडच्या खाटेवरचा माणूस दचकून उठला.

मामा पहिले काही दिवस भिंतीला पाठ लावून जेवायचे. वकिलामार्फत त्यांनी एक लांबलचक अर्ज केला. सुशिक्षित, शांत स्वभावाच्या, कुणावर कधी हात न उचललेल्या माणसांना मारेकऱ्यांबरोबर ठेवणं हा अन्याय आहे, पेनवाल्यांसाठी कायमचा वेगळा तुरुंगच असावा, वगैरे वगैरे. मामांची भाषा. वाचणाऱ्याला त्या वेगळ्या तुरुंगात राहायला जावंसं वाटलं असतं. अर्ज वर गेला, वरून आणखी वर गेला, आणि त्यावर विचार करायला एक समिती नेमली गेली.

इकडे हातवाल्यांनीही उलट अर्ज केला. त्याचं कारण म्यानेजर. हा म्यानेजर पूर्वी एका बँकेत होता. बराकीत येऊन आठवडा होतो न होतो तोच त्याने बिस्किटांची योजना काढली. आज माझ्याकडे एक पुडा ठेवा, महिन्याने दोन घेऊन जा. ज्यांनी माणसांची डोकी फोडली होती, असे धिप्पाड लोक रांगेत उभे राहून त्याच्या हातात बिस्किटं देऊ लागले. पहिल्या दोघांना खरंच दोन दोन पुडे मिळाले. मग तर झुंबड उडाली. मग एके दिवशी म्यानेजरच्या खाटेखाली पाहिलं तर नुसता चुरा आणि मुंग्या.

त्याला कुणी मारलं नाही, हे विशेष. कारण नेमकं काय झालं हेच कुणाला कळेना. म्यानेजर प्रत्येकाला इतक्या आपुलकीने समजावून सांगायचा की ऐकणाऱ्यालाच वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं. शेवटी क्रेनभाऊने पुढाकार घेतला आणि हातवाल्यांचा अर्ज गेला: आम्हाला या लोकांपासून वेगळं ठेवा, ही माणसं आम्हाला बिघडवत आहेत.

एका अर्जावर समिती कधी आली असती कोण जाणे. दोन्ही बाजूंनी एकच मागणी आल्यावर मात्र तिने तारीखच ठरवली.

त्याच सुमारास, एका दुपारी जेवणानंतर, म्यानेजरने सहज विचारलं, "क्रेनभाऊ, तुमचं नेमकं काय झालं होतं हो?" बराकीतल्या जुन्या लोकांनी ही गोष्ट कितीदा तरी ऐकली होती. तरी सगळे उठून बसले, कारण तो सांगायचाच तशी.

"माझा मुकादम," क्रेनभाऊने सुरुवात केली. "तोंडाचा फटकळ. मी बायकोला फिरायला न्यायचं ठरवलं. लग्न झाल्यापासून कुठे नेलं नव्हतं तिला. रजा मागितली तर हा सगळ्यांसमोर म्हणतो, 'अरे वा! साहेब समुद्रावर चाललेत!' बरं, गेलो. तिने मोठी टोपी घेतली होती, ही एवढी. बसमध्ये मागच्याला काही दिसेना. उतरलो तर काय?"

"काय?" म्यानेजर म्हणाला.

"कमान!"

बराक हसली. मामाही हसले. मामा म्हणतात, मी इतरांच्या आधी हसलो आणि मग ती कमान कुणाची ते आठवलं.

"नुसती कमान! आत माळ. एक गाढव चरत होतं. बायको म्हणते, 'अहो, हॉटेल आत असेल.' आम्ही बॅगा घेऊन आत चालत गेलो, पलीकडून बाहेर आलो. हॉटेल नाही. सगळी बस एकमेकांची तोंडं बघतेय. परत आलो. कामावर गेलो. आणि तो मुकादम रोज, रोज, क्रेनखाली गाडी लावायचा आणि वर तोंड करून ओरडायचा, 'काय रे, वरून समुद्र दिसतो का?' सगळी साइट हसायची. मीही हसायचो. एके दिवशी नाही हसलो."

"मग?"

"मग त्याची गाडी उचलली. तो आतच होता."

इथे बराकीत नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. क्रेनभाऊने हाताने गाडी वर वर जाते तशी दाखवली. "चौथ्या मजल्यापर्यंत नेला. खिडकीतून डोकं बाहेर, तोंड पांढरंफटक. मी केबिनमधून ओरडून विचारलं, 'साहेब, दिसतो का समुद्र?'"

माणसं खाटांवर लोळून हसत होती. मग क्रेनभाऊ थांबला. नेहमी इथेच थांबायचा म्हणे. "उतरवताना गाडीला बांधलेला पट्टा सरकला," तो म्हणाला. "कंबरेचं हाड मोडलं त्याचं. काठी घेऊन चालतो आता. मला फक्त त्याला वर न्यायचं होतं रे. पाडायचं नव्हतं." आणि कूस बदलून तो भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या दुपारी मामा खाटेवर जे आडवे झाले ते डोळे उघडे ठेवूनच.

भेटीच्या दिवशी मामी आणि मी गेलो तर जाळीपलीकडे मामांचा चेहरा उतरलेला. त्यांनी कुजबुजत सगळं सांगितलं. मामीने तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतेय. तिला हसू आवरत नव्हतं.

"हसतेस काय! मला इथून काढा!"

"अहो, सांगून टाका त्याला. माफी मागा."

"सांगू? तो माणूस गाड्या उचलतो!"

"क्रेनने उचलतो."

"त्याला क्रेन लागते असं तुला वाटतं?"

मामीने त्यांना हळू बोलायची खूण केली, कारण पलीकडच्याच जाळीशी क्रेनभाऊ बसला होता आणि त्याच्यासमोर त्याची बायको. ही बाई आणि मामी भेटीच्या रांगेत मागेपुढे उभ्या राहून राहून मैत्रिणी झाल्या होत्या. एकमेकींना पिना द्यायच्या, दोघींचे नवरे कसे निष्काळजी यावर एकमत व्हायचं. मामी परत येताना बसमध्ये म्हणाली, "आता हिच्याशी मी काय बोलू गं? तोंड कसं दाखवू?" आणि पुढच्या वेळी तिने नेहमीपेक्षा जास्त संत्री नेली. मामीला अपराधी वाटलं की ती फळं घेते.

समिती आली तो दिवसही भेटीचाच होता, पण समितीमुळे भेटी पुढे ढकलल्या. आम्ही दोघी तुरुंगासमोरच्या बस थांब्यावर बसलो. म्हणून सुरुवात मला मामांकडूनच कळलेली.

अंगणात झाडाखाली टेबल मांडलं होतं. समितीत एक निवृत्त जजसाहेब आणि एक प्राध्यापकबाई. एका बाजूला पेनवाले, दुसऱ्या बाजूला हातवाले, मध्ये अधीक्षकबाई. पेनवाल्यांतर्फे बोलायला मामा उभे राहिले. क्रेनभाऊकडे बघायचं ते टाळत होते, पण ऐकायला माणसं दिसली की मामांचं तोंड आपोआप चालू होतं. स्वभाव, सवयी, घरचं वळण, वाचनाची आवड, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आमच्या हातून कुणाला साधं खरचटलेलंही नाही, साहेब."

मग क्रेनभाऊ उठला. "साहेब, मी एका माणसाचं हाड मोडलं. ते चुकलंच. पण मी त्याच्यावर चिडलोय हे त्याला दिसत तरी होतं. हे लोक चहा पाजतात, पाठीवर हात फिरवतात, बायकामुलांची चौकशी करतात, आणि माणूस घरी जाऊन बघतो तर बिस्किटं गेलेली. आम्हाला यांच्यातून काढा. माझ्या पोरांचे स्वभाव साधे आहेत." त्याने 'पोरं' म्हणून ज्यांच्याकडे हात केला त्यांतल्या एकाने मान खाली घालून डोळे पुसले.

प्राध्यापकबाई मामांकडे वळल्या. "तुमचा गुन्हा नेमका काय होता?"

"कागदपत्रांतली—"

"समुद्राकाठच्या हॉटेलची केस, मॅडम," अधीक्षकबाई मध्येच म्हणाल्या. त्यांना उन्हात उभं राहून कंटाळा आला होता. "जे हॉटेल नव्हतंच."

सगळ्या हातवाल्यांच्या माना एकदम क्रेनभाऊकडे वळल्या.

क्रेनभाऊ हळूहळू वळला. "कमानवालं?"

आता बघा, या क्षणी कुणीही शहाणा माणूस हात जोडेल, पळेल, चक्कर येऊन पडेल. मामा म्हणाले, "कमान मात्र पूर्ण बांधून झाली होती."

पुढचं सगळं एकदमच झालं. क्रेनभाऊने मामांना पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. शिट्ट्या वाजल्या. शिपाई धावले, हातवाले त्यांच्या वाटेत "काय झालं, काय झालं" करत सांडले. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी होती आणि छपराचं काम नुकतंच संपवलेल्या गवंड्यांची लांब शिडी तिला टेकवून ठेवलेली होती. क्रेनभाऊ मामांसकट वर चढला, मामांना टाकीच्या झाकणावर नीट, अगदी काळजीने, मांडी घालून बसवलं, खाली उतरला, शिडी काढून आडवी टाकली आणि तिच्यावर स्वतः बसला. त्याच्या शेजारी हातवाले बसले. मग म्यानेजरही जाऊन बसला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

"टाय!" क्रेनभाऊ गरजला. "समुद्र दिसतो का रे?"

आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आम्ही थांब्यावर होतो. मामी संत्रं सोलत होती. शेजारी क्रेनभाऊची बायको, आमच्यासाठी क्रेनवहिनी. भिंतीआडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही वर पाहिलं.

"अगं," मामी म्हणाली, "तो टाकीवरचा माणूस तुझ्या मामांसारखा का दिसतोय?"

"मामी, ते मामाच आहेत."

"बाई! पाणी भरायला लावलं वाटतं यांना!"

टाकीवर मामांनी आधी डोळे घट्ट मिटले होते. खालून पुन्हा आवाज आला, "दिसतो का?" आणि मामा सांगतात की सवयीने त्यांच्या जिभेवर 'निळाशार' हा शब्द आलाही होता. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. आणि त्यांना आम्ही दिसलो.

"माझी बायको दिसतेय!" मामा ओरडले. आम्हाला रस्त्यावर स्वच्छ ऐकू आलं. "बस थांब्यावर! संत्रं खातेय!"

भिंतीपलीकडे एकच हशा उसळला. "आणखी काय?" कुणीतरी ओरडलं.

"भाची! शेजारी एक बाई, निळी पिशवी!"

"ती माझी!" क्रेनभाऊचा आवाज. "कशी आहे? बारीक झालीय का?"

मामांनी वाकून पाहिलं. "नाही!"

हे क्रेनवहिनीने ऐकलं. ती उभी राहिली. "कोण आहे हो तो मेला?"

मामीने संत्र्याची फोड तिच्या हातात कोंबली. "माझा नवरा," ती म्हणाली आणि इतकी हसत सुटली की तिला पुढे बोलवेना.

मग टाकीवरून सगळंच यायला लागलं. दुकानाचं शटर अर्धं उघडलंय. एक माणूस सायकलची चेन बसवतोय, बसत नाहीये. गच्चीवर चादरी वाळत घातल्यात, एक पडली. कुत्रा. दुसरा कुत्रा. पेट्रोल पंपावरचा पोरगा झोपलाय. प्रत्येक गोष्टीला आतून आरोळी उठत होती, कारण आतल्या कितीतरी जणांनी भिंतीपलीकडचा तो रस्ता वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. "चेन बसली का?" मध्येच कुणीतरी ओरडलं. "नाही अजून!" मामा म्हणाले. सायकलवाल्याने वर पाहिलं आणि चेन टाकून सायकल ढकलत पळाला. मी पोट धरून फुटपाथवर बसले. अशी मी पुन्हा कधी हसले नाही.

शेवटी जजसाहेब स्वतः शिडीपाशी आले आणि क्रेनभाऊला म्हणाले, "उठा." तो उठला. मामांना उतरवलं. जजसाहेबांचेही डोळे ओले होते, पण चेहरा कडक.

"या माणसाने तुम्हाला जबरदस्तीने वर चढवलं का?"

मामांच्या लक्षात आलं की हो म्हटलं तर क्रेनभाऊची शिक्षा वाढणार. त्यांनी छाती पुढे काढली. "नाही साहेब. मी स्वतःच गेलो. हवा खायला."

"खोटं!" क्रेनभाऊ ओरडला. "धडधडीत खोटं बोलतोय! मीच चढवला याला!"

"अरे, मी तुला वाचवतोय!"

"मला नको तुझं वाचवणं! इथे समोर उभा राहून बनवतोस सगळ्यांना! साहेब, लिहा, मी चढवला! खांद्यावरून!"

"अतिशय सांभाळून चढवला, साहेब," मामा म्हणाले. "हे तरी लिहा."

प्राध्यापकबाईंनी पेन खाली ठेवलं. हा प्रसंग वेगळं ठेवण्याच्या बाजूने धरायचा की विरुद्ध, असं त्यांनी जजसाहेबांना विचारलं म्हणे. जजसाहेब म्हणाले, "मला आधी पाणी द्या."

क्रेनभाऊला काही दिवस एकट्या कोठडीत ठेवलं. मामांना त्याच संध्याकाळी दुरुस्त झालेल्या पेनवाल्यांच्या बराकीत हलवलं. पंखे, टेबल, 'गुड मॉर्निंग', सगळं मिळालं. पहिल्याच सकाळी त्यांच्या चपला गेल्या. हातवाल्यांच्या बराकीत कधी टाचणी हलली नव्हती. इथे चपला शोधायला मदत करणारे चारजण आले, चौघांनीही अतिशय हळहळ व्यक्त केली, आणि त्यांतल्या एकाच्या पायात त्या होत्या. बुद्धिबळात प्रतिस्पर्धी पाणी प्यायला उठला की सोंगट्या हलायच्या. जेवताना प्रत्येकजण आपल्या गफलतीबद्दल बोलायचा आणि कुणी कुणाचं ऐकायचं नाही.

"भेटीला आलात की बघा," मामा जाळीतून आम्हाला म्हणाले, "सगळे एकसारखे हसतात. माझ्यासारखे. मला स्वतःचीच किळस यायला लागलीय गं."

मामी हसली नाही. त्या दिवशी तिने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

समितीचा अहवाल आला, जाडजूड. या प्रश्नाचा अधिक अभ्यास व्हायला हवा, असं त्यात होतं. मामांनी अधीक्षकबाईंकडे जाऊन पुन्हा हातवाल्यांच्या बराकीत पाठवायची विनंती केली.

"मी काय हॉटेल चालवते?" बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसल्या. "हे बघा, वेगळं ठेवा की एकत्र ठेवा, यावर मोठमोठी माणसं भांडतात. माझ्याकडे खाटा आहेत, विचारसरणी नाही. तिथली खाट रिकामी आहे. पण तुमच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर. आधी त्याची तयारी आहे का विचारते."

क्रेनभाऊचा निरोप आला: टायने माफी मागावी. माझी नको. मी त्याला टाकीवर बसवलाय, माझं झालं. माझ्या बायकोची मागावी.

म्हणून भेटीच्या पुढच्या दिवशी अधीक्षकबाईंच्या खास परवानगीने एका जाळीमागे मामा आणि क्रेनभाऊ शेजारी शेजारी बसले, आणि अलीकडे आम्ही तिघी. मामांनी रात्रभर शब्द जुळवले होते, ते दिसत होतं. क्रेनवहिनी समोर बसली आणि सगळे शब्द गेले.

"वहिनी," ते म्हणाले, "मी तुम्हाला फसवलं." आणि थांबले. मामांना इतकं कमी बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

क्रेनवहिनीने पिशवी मांडीवर घेतली. "मोठ्या मुश्किलीने रजा मिळाली होती यांना," ती म्हणाली. "मी टोपी घेतली. बहिणीला महिनाभर जळवलं. परत आले तर ती विचारते, फोटो दाखव. मी कमानीचा दाखवला." तिचा आवाज जरा चढला. "आणि यांचं सगळं पुढे जे झालं ते झालं. त्या मुकादमाच्या बायकोला बाजारात बघितलं की मी रस्ता बदलते. तुमचं काय गेलं?"

मामांनी मान खाली घातली. मामीनेही घातली. क्रेनभाऊ जाळीवरचा गंज नखाने खरवडत राहिला.

मग ती अचानक पुढे झुकली. "मला एक सांगा. तुमच्या त्या चित्रात आमच्या खोलीची खिडकी होती. पडदे लावलेले, पण ते पुसट होते. रंग कळत नव्हता. आम्ही बसमध्ये पूर्ण वाट भांडलो त्यावरून. कोणत्या रंगाचे होते?"

मामांनी वर पाहिलं. "पडदे नव्हते, वहिनी. खोली नव्हती. भिंतच नव्हती."

"ते माहीत आहे हो मला! पण असते तर?"

"मला नाही माहीत."

"असं कसं? तुम्हीच विकलंत ना! काहीतरी सांगा की!"

"सांग की रे, टाय," क्रेनभाऊ म्हणाला. "निळे म्हण. मी निळे म्हणत होतो."

"मी हिरवे म्हणत होते," क्रेनवहिनी म्हणाली.

मामांनी तोंड उघडलं. मी आणि मामी श्वास रोखून बसलो होतो, कारण रंग सांगणं म्हणजे मामांसाठी काय होतं! सांगता सांगता त्यांनी काठ लावले असते, झालर लावली असती, वारा सोडला असता. मामांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला.

"नाही येत," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला की क्रेनवहिनीला हसू फुटलं. ते तिला नको होतं, तिने ओठ आवळले, नाकातून आलं. क्रेनभाऊ हसला, त्याबरोबर जाळी थरथरली. मामी तर केव्हाचीच हसत सुटली होती.

"वेळ संपली!" शिपाई ओरडला.

"हिरवे," क्रेनवहिनी उठत म्हणाली.

"निळे!" क्रेनभाऊ आतून ओरडला. दोन शिपाई त्याला दंडाला धरून नेत होते आणि तो मान मागे वळवून ओरडतच होता. मामा त्याच्यामागे चालले होते, हातवाल्यांच्या बराकीच्या दिशेने. "अरे, तिचं ऐक ना," असं ते त्याला समजावत होते.

बाहेर आल्यावर क्रेनवहिनी मामीला म्हणाली, "माफ केलं असं मी काही म्हटलेलं नाही हं."

"नाही म्हटलंत," मामी म्हणाली. "संत्रं खाणार?"